परीक्षेला बसलेली कंपनी

सरांनी स्वतःला कॉपी करताना पकडलं तो रविवार मला लख्ख आठवतो. त्या परीक्षेची पर्यवेक्षक मी होते आणि मला काही म्हणता काही दिसलं नव्हतं.

प्रताप नगरातल्या त्यांच्या घराची पुढची खोली. मे महिना, नागपूरचा. कूलर बंद, कारण कूलरच्या वाऱ्यानं उत्तरपत्रिकेची पानं उडतात. कुठल्याशा शाळेनं मोडीत काढलेला लाकडी बाक सरांनी आणून भिंतीशी लावला होता आणि त्यावर ते स्वतः परीक्षेला बसले होते. वय पन्नाशीच्या पुढं, पांढरा शर्ट खोचलेला, बुटांना पॉलिश. विषय करार कायदा. पेपर त्यांनीच काढलेला, त्यांनीच पाकिटात घालून लाखेनं बंद केलेला, सोडवणारे तेच आणि पुढं आठवड्यानं लाल पेन घेऊन तपासणारेही तेच. मी समोर स्टुलावर ओढणीनं वारा घेत होते. एकदम सर उभे राहिले, पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, कॉपी केस करा."

"कोणाची?"

"माही. बाकावर पेपर अंथरला आहे ना, त्याच्यात घरभाड्याच्या कराराची बातमी आहे. माही नजर गेली. दोन ओळी वाचल्या मी."

"वाचल्या तर वाचल्या, सर. लिहा ना पुढं."

"तुमच्यासारख्या पर्यवेक्षकांनीच शिक्षणाचा सत्यानाश केला," असं म्हणून त्यांनी स्वतःची उत्तरपत्रिका जप्त केली. तिच्यावर लाल रेघ मारली आणि तिथल्या तिथं स्वतःला वर्षभरासाठी सगळ्या परीक्षांतून बाद करून टाकलं. अख्खं वर्ष. वाचून कुणाला हसू आलं तर येऊ द्या, मलाही आलं होतं. पण आतल्या दारात सरांच्या पत्नी, काकू, पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या, त्यांना ते आलं नाही. तांब्या तिथंच उंबऱ्यावर ठेवून त्या आत गेल्या.

काकूंना का हसू आलं नाही, हे कळायला ही परीक्षा कशाची होती ते सांगावं लागेल. सर पूर्वी एका खासगी पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचे. तिथं त्यांची ख्याती एकच होती. त्यांनी तपासलेल्या पेपरात कुणालाही पैकीच्या पैकी मिळत नसत. बरोबर उत्तरालासुद्धा अर्धा मार्क कापायचे, का तर "बरोबर आहे, पण उत्साहानं लिहिलेलं नाही." मग एक दिवस त्यांच्या मनानं घेतलं की आपण सॉफ्टवेअरची कंपनी काढायची, आणि त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. इथपर्यंत सगळं छान. लोक काढतात कंपन्या. माझ्या ओळखीत ज्यांना धड एक मेल लिहिता येत नाही, त्यांच्याही कंपन्या आहेत आणि त्या चालतातही.

पण सरांचं तसं नव्हतं. "आधी सिलॅबस, मग बिझनेस," हे त्यांचं ब्रीदवाक्य. कंपनी काढणाऱ्याला काय काय आलं पाहिजे याचा त्यांनी आधी अभ्यासक्रम आखला, विषय पाडले, प्रत्येक विषयाचा लेखी पेपर, काहींना तोंडी, काहींना प्रॅक्टिकल. पास व्हायला पंच्याहत्तर टक्के. मी विचारलं, पस्तीस का नाही? तर म्हणाले, "पस्तीसवाले नोकरी करतात." पस्तीसवाल्या मंडळींत त्यांनी माझ्याकडे बघून मला धरलं होतं, हे उघड होतं. सगळ्या विषयांत पास होईपर्यंत कंपनी सुरू करायची नाही. एकही विषय राहिला तरी नाही. आणि परीक्षक कोण, तर ज्यानं जन्मात कुणाला पुरते मार्क दिले नाहीत तो.

मी मूळची यवतमाळची. आयटी पार्कातल्या एका कंपनीत टेस्टर होते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रामातल्या चुका शोधून त्यांच्या शिव्या खायच्या, हे माझं काम. सरांची वरची खोली भाड्यानं आहे असं कळलं म्हणून बघायला गेले. त्यांनी खोली दाखवायच्या आधी विचारलं, "टेस्टर म्हणजे परीक्षकच ना?" मी आपलं हो म्हटलं. खोली मिळाली. रविवारची पर्यवेक्षणाची ड्यूटी त्या खोलीबरोबर येते हे मला दुसऱ्या आठवड्यात कळलं, तोवर सामान लागलं होतं.

सर रोज सकाळी दहाला ऑफिसला जायचे. ऑफिस म्हणजे ती पुढचीच खोली, स्वयंपाकघरातून चार पावलांवर. पण मधल्या दारानं नाही जायचे. डबा घेऊन मागच्या दारानं निघायचे, तुळशीला वळसा घालून फाटकाबाहेर रस्त्यावर यायचे, शेजाऱ्यांना नमस्कार करायचे आणि मग त्याच फाटकातून आत येऊन पुढच्या खोलीचं कुलूप उघडायचे. पावसाळ्यात छत्री घेऊन. दुपारी डबा खाताना काही कमी पडलं तर मधल्या भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरात जायचं नाही, कारण ते ऑफिसात आहेत. संध्याकाळी घरी आले की काकूंना सांगायचे, "आज फार काम झालं." काम म्हणजे ऑनलाइन व्हिडिओ बघणं. त्या व्हिडिओंत कुणीतरी गोरागोमटा मुलगा हात उडवत सांगत असतो की धंदा सुरू करण्याआधी ही ही कौशल्यं आलीच पाहिजेत, आणि सर ते उतरवून घेऊन अभ्यासक्रमात आणखी एक विषय वाढवत. त्या मुलानं स्वतः कोणता धंदा केला, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

त्या खोलीत एक खुर्ची होती. उंच पाठीची, काळी, गोल फिरणारी, चाकांची. मालकाची खुर्ची. कंपनीचं ठरलं त्याच आठवड्यात सरांनी ती आणली होती आणि तिच्यावरचं प्लास्टिक काढलं नव्हतं. कंपनी सुरू होईल त्या दिवशी प्लास्टिक निघणार. तोवर तिच्यावर कुणी बसायचं नाही, सरांनीही नाही. ते बाकावर बसत, पाहुणे स्टुलावर.

आता काकूंचं. काकू सदर भागातल्या एका साड्यांच्या दुकानात काउंटरला होत्या. सर निवृत्त झाल्यावर घर त्यांच्या पगारावर आणि माझ्या भाड्यावर चालायचं. त्या दुकानाचा नियम असा की गिऱ्हाईक असो नसो, काउंटरमागच्या बाईनं बसायचं नाही. सकाळी अकरापासून दुकान बंद होईपर्यंत उभं. संध्याकाळी घरी आल्या की पायांच्या नसा दोरीसारख्या वर आलेल्या असत. चपला काढून पहिल्यांदा ऑफिसच्या, म्हणजे त्या पुढच्या खोलीच्या, दारातच भिंतीला टेकून खाली फरशीवर बसायच्या आणि पाय लांब करायच्या. डोळ्यांसमोर ती प्लास्टिकमधली खुर्ची.

"बसा ना वं काकू त्याच्यावर," मी एकदा म्हटलं.

"राहू दे. त्याईले आवडत नाही," काकू म्हणाल्या. "एकदा कंपनी सुरू झाली ना, मी नोकरी सोडतो. मग बसणंच आहे."

हे त्यांचं नवरा-बायकोचं ठरलेलं होतं. पहिला गिऱ्हाईक आला की काकूंनी नोकरी सोडायची. आणि यातली खरी चीड आणणारी गोष्ट ही, की पहिला गिऱ्हाईक आलेला होता. तो शोधायलासुद्धा लागला नव्हता. काकूंच्या धाकट्या भावाची कुहीजवळ राईस मिल आहे. दिवाळीनंतर आसपासच्या गावांतलं धान भरडायला येतं. कुणाचं धान किती आलं, तांदूळ किती निघाला, कोंडा कुणी नेला, या हिशेबात हंगामभर त्याची बायको आणि तो भांडत असत. त्याच्यासाठी सरांनी प्रोग्राम लिहायला घेतला होता, आणि तो लिहून पुरा झाला होता.

मी तपासला तो. एका शनिवारी सुटी होती तर बाकावर बसून दिवसभर त्याला हव्या तशा खोड्या काढल्या, उलटसुलट आकडे घातले, मधेच लाइट घालवली. दोन बारक्या चुका सापडल्या. सरांनी चहा होईपर्यंत त्या काढून टाकल्या. आमच्या ऑफिसात त्या दोन चुकांवर आठवडाभर बैठका झाल्या असत्या. प्रोग्राम साधा होता, स्वच्छ होता, मराठीत होता, आणि गिरणीवरच्या कुणालाही दहा मिनिटांत कळला असता. मूर्ख माणसाला मी केव्हाच माफ करून टाकलं असतं. सर मूर्ख नव्हते, म्हणूनच मला त्यांचा संताप येतो, अजून येतो.

"सर, हे देऊन टाका उद्याच्या उद्या," मी म्हटलं.

"आणि फोन आला तं? कराराचं बोलणं निघालं तं? माहा करार कायदा राहिला आहे. हिशेब राहिला आहे. संवादकौशल्य तं हातीच घेतलं नाही."

"तुमचा साळा आहे तो, सर. त्याच्याशी कसला करार?"

"सिलॅबसमध्ये साळा नसते," सर म्हणाले.

प्रॅक्टिकलच्या त्यांच्या तऱ्हा तर ऐकण्यासारख्या. घासाघीस हा विषय त्यांनी बाजारात घेतला. भाजीवालीपाशी मेथीच्या जुड्या धरून अर्धा तास बोलले. आधी शांत, मग पाठ फिरवून, मग पुन्हा येऊन, सगळं व्हिडिओत सांगितलं तसं. ती बाई घायकुतीला आली आणि शेवटी म्हणाली, "घ्या बापा, तुमच्याच भावात घ्या, पण जा." सरांनी तिला धन्यवाद दिले, जुड्या खाली ठेवल्या आणि निघाले. प्रॅक्टिकल संपलं होतं ना. त्या भाजीवालीनं मग भर बाजारात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी पिशवी घेऊन मागं उभी होते, मला सगळं ऐकावं लागलं. सरांनी स्वतःला त्या प्रॅक्टिकलला एकाहत्तर टक्के दिले, म्हणजे नापास. कारण बाईच्या रागाला काय उत्तर द्यायचं ते त्यांना सुचलं नव्हतं.

हस्तांदोलनाचा सराव फाटकाच्या कडीशी चालायचा. "घट्ट, पण हावरट नाही," असं पुटपुटत ते कडी धरून हलवायचे आणि येणारे-जाणारे बघत राहायचे. पेपर सोडवता सोडवता एकदा त्यांनी माझ्याकडे तक्रार केली की तिसरा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे. मी म्हटलं, पेपर तुम्हीच काढलाय. तर तोंड वाकडं करून म्हणाले, "पेपर काढणारा वेगळा असते." मी हात टेकले होते.

आणि एखादा विषय सुटलाच, तर जग मधे तडमडायचं. प्रोग्रामिंगच्या एका भाषेत ते मोठ्या कष्टानं सत्त्याहत्तरनं पास झाले, तोवर लोक दुसरीच भाषा वापरायला लागले. ती हाती घेतली. तेवढ्यात एआय आलं. आमच्या ऑफिसातली पोरं त्याच्याकडून प्रोग्राम लिहून घेऊन दुपारी कॅरम खेळायला लागली, आणि इकडे सरांनी अभ्यासक्रमाला नवा भाग जोडला. त्याच्या पायाभूत गणितापासून सुरुवात. "पाया पाहिजे," ते म्हणायचे. पायाच खणत बसलेला माणूस खड्ड्यात उभा असतो, हे त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. मी सांगितलं, पण मी पस्तीसवाली.

तर कॉपीच्या केसमुळं एक हंगाम गेला. काकूंचा भाऊ समजूतदार, त्यानं वर्षभर वाट पाहिली. दुसऱ्या वर्षी दसऱ्याच्या आसपास सर वर्षाची शिक्षा भोगून परत परीक्षेला बसले आणि काय आश्चर्य, पटापट पास होत गेले. करार कायदा शहात्तर. हिशेब पंच्याहत्तर, काठावर. एआयचं गणितसुद्धा कसंबसं निघालं. एकच विषय उरला, ग्राहकाशी संवाद. त्याची तोंडी परीक्षा. घरात इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता. काकूंनी दुकानाच्या मालकाला सांगून टाकलं की दिवाळीनंतर मी येत नाही, दुसरी बाई बघा. दुकानातल्या पोरींनी त्यांना निरोपाचा म्हणून पायात घालायचा मऊ जोडा दिला. तो घालून त्या मला वर दाखवायला आल्या होत्या, जिना चढून.

तोंडीच्या दिवशी मी दुहेरी भूमिकेत होते. बाहेरून आलेली परीक्षक आणि ग्राहक. मी फोन न करता आलेली, घाईत असलेली गिऱ्हाईक व्हायचं आणि सरांनी मला सॉफ्टवेअर विकायचं, असं ठरलं होतं. मी स्टुलावर बसले. सर बाकावर. ते मला म्हणाले, "या, बसा, पाणी घेता?" आणि तेवढ्यात फाटकापाशी मोटारसायकल थांबली. काकूंचा भाऊ कुहीहून आला होता. फोन न करता आणि घाईत.

तो दारात आला तसा सरांनी त्याच्याकडे न बघता हात वर केला. परीक्षा चालू आहे, थांबा. बिचारा पायरीवर बसला, हेल्मेट मांडीवर घेऊन. खरा गिऱ्हाईक बाहेर पायरीवर आणि आत खोटा गिऱ्हाईक सरांना विचारतोय, "तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये काय विशेष आहे?" असं दृश्य मी जन्मात दुसरं पाहिलं नाही. मी मधेच उठायला लागले तर सरांनी डोळे वटारले. काकूंनी भावाला चहा नेऊन दिला आणि तिथंच दाराला धरून उभ्या राहिल्या, नवा जोडा घालून.

मी मुद्दाम परीक्षा आटोपती घेतली. "शंभरपैकी शंभर," मी मोठ्यानं जाहीर केलं, काकूंना ऐकू जावं म्हणून. "झालं सर. पास. या हो भाऊ आत."

"थांबा," सर म्हणाले. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "शंभर? शंभर कसे? मी दोनदा अडखळलो. एकदा तुमच्या डोळ्यात न पाहता बोललो. परीक्षक पक्षपाती आहे. निकाल रद्द."

"सर!"

"मी स्वतःले अडुसष्ट देतो. त्याच्यावर नाही."

तोवर काकूंचा भाऊ आत आलाच होता. त्याला या सगळ्यातलं काय कळलं असेल देव जाणे. तो म्हणाला, "भाऊजी, ते कॉम्प्युटरवालं घ्याले आलो मी. दिवाळी झाली की धान सुरू होऊन राहिलं. जसं आहे तसं द्या. अर्धं असलं तरी चालते."

"अर्धं नाही, पूर्ण आहे," मी म्हटलं. "मी तपासलंय. पेन ड्राइव्हमध्ये घालून देते आत्ता."

"हात लावायचा नाही," सर म्हणाले, आणि मग साळ्याकडे वळून अगदी अदबीनं, जणू एखाद्या विद्यार्थ्याच्या बापाला समजावतात तसं म्हणाले, "तुमची निराशा होईल, पण मी संवादात नापास झालो. पुढच्या हंगामाले नक्की."

"मले कायले संवाद पाहिजे, भाऊजी? आपण तं रोज बोलतो."

"हे असंच होते. अशिक्षित धंद्याची हीच गत आहे."

भाऊ बहिणीकडे बघायला लागला. काकू आत आल्या. मी त्यांना नवऱ्याशी वर आवाज करताना कधी ऐकलं नव्हतं, तेव्हाही तो वर नव्हता. "द्या ना हो त्याले," त्या म्हणाल्या. "एवढे मार्क द्याले काय जाते तुमचं? सात मार्क तं आहेत. मी दुकानात सांगून बसली."

"विचारल्याशिवाय काहून सांगितलं?" सर म्हणाले. "निकाल लागाच्या आधी कोणी पेढे वाटते का?"

काकूंनी मान खाली घातली. बाकावर सरांची पांढरी टोपी होती, ती उचलून त्यांनी खुंटीला लावली, उगाच, हाताला काहीतरी हवं म्हणून. भाऊ "येतो ताई" म्हणून निघून गेला. त्यानं त्या हंगामात रायपूरच्या कुणाकडून तरी तयार सॉफ्टवेअर आणलं. हिंदीत होतं, मधेमधे बंद पडायचं, पण होतं. त्यानं आसपासच्या मिलवाल्यांनाही तेच घ्यायला लावलं. सरांना हे कळलं तेव्हा ते काय म्हणाले असतील? "बघा, त्या लोकाईचा संवाद चांगला असन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले तर काकू फाटकात होत्या, रोजच्यापेक्षा अर्धा तास आधी. मालकाच्या येण्याआधी दुकानात पोचायचं होतं. बाई बघू नका म्हणून सांगायचं होतं. मऊ जोडा घरीच ठेवला होता, पायात जुन्याच चपला होत्या. मी विचारलं, जोडा का नाही घातला? "पोरींनी निरोपाचा देल्ला होता वं," त्या म्हणाल्या, "तोच घालून वापस कशी जाऊ?" मला सरांना जाऊन गदागदा हलवावंसं वाटलं. सर त्या वेळी मागच्या दारानं निघून, तुळशीला वळसा घालून, ऑफिसला येत होते. मला म्हणाले, "गुड मॉर्निंग, मॅडम. आवाज कसा वाटला? घट्ट, पण हावरट नाही ना?"

मी पुढच्या महिन्यात ती खोली सोडली. पुण्याला नोकरी लागली होती हे खरं, पण नसती लागली तरी सोडली असती. लोक म्हणतात, असा माणूस निरुपद्रवी असतो, आपल्या नादात असतो, कुणाचं काय बिघडवतो? हे म्हणणाऱ्यांनी कधी त्या माणसाच्या बायकोचे पाय पाहिलेले नसतात. परिपूर्णतेचा ध्यास वगैरे शब्द मला कुणी ऐकवू नयेत. दुसरं कुणी आपल्याला नापास करील याची ज्याला धास्ती असते, तो स्वतःच स्वतःला नापास करत राहतो आणि वर तत्त्वाचा आव आणतो. साधा भित्रेपणा तो. फक्त लाखेनं सील केलेला.

एवढ्यातच बहिणीच्या लग्नाच्या खरेदीला आईला घेऊन नागपूरला गेले होते. सदरच्या त्या दुकानात मुद्दाम गेले. काकू त्याच काउंटरमागे होत्या, केस मात्र सगळे पांढरे. मला बघून त्यांचा चेहरा फुलला.

"अवं, तू! ये, बस, बस. काय दाखवू? पैठणी का सिल्क?"

गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या गुबगुबीत खुर्च्यांत आई आणि मी बसलो. काकू एकेक साडी उलगडायला लागल्या. मी शेवटी विचारलंच, सर काय म्हणतात?

"पास झाले," काकू म्हणाल्या.

मी थक्क झाले. "संवादात?"

"ते सोडलं. एक नवाच पेपर निघाला. कंपनी बंद कशी करायची. म्हणे, जे बंद करता येत नाही ते सुरू करू नये. लय अभ्यास केला वं त्याचा. आणि पहिल्या झटक्यात पास. ब्याण्णव टक्के. आपल्या हातानं ब्याण्णव देल्ले त्याईनं! गल्लीभर संत्रा बर्फी वाटली."

"मग आता सुरू करणार?"

"सुरू कायले? त्याले प्रॅक्टिकल होतं ना." काकूंनी एक घडी मोडली, पदर माझ्यापुढं पसरला. "बंद केली."

"कोणती बंद केली?"

"आपलीच. जी होती ते. दारावर नोटीस लावली. कॉम्प्युटरातलं सारं पुसलं. बाक भंगारात देल्ला. सगळं नियमानं. आता खूश आहेत. सकाळी उशिरा उठतात."

म्हणजे तो गिरणीचा प्रोग्रामही गेला. मी विचारलं, "आणि खुर्ची?"

काकूंचे हात पहिल्यांदा थांबले. "खुर्ची गेली कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये. मी म्हटलं, खुर्ची तरी मले राहू द्या, आता कंपनी नाही, बसलं कोणी तं काय बिघडते? तं म्हणे, कंपनीचं सामान मालकाच्या घरच्याईले देणं नियमात बसत नाही. पेपरात तोच प्रश्न होता म्हणे, दहा मार्काचा."

"तुम्हाला काहीच नाही ठेवलं?"

"ठेवलं ना. प्लास्टिक. खुर्चीवरचं. निघताना काढून देल्लं मले. चांगलं जाड आहे वं, पापड वाळवाले कामी येते." आणि त्या हसल्या, अगदी मनापासून. मला ते हसू बघवलं नाही.

मी खुर्चीतून उठून उभी राहिले. का, ते मलाही सांगता यायचं नाही. काकूंनी घाबरून गल्ल्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "बस वं, बस. गिऱ्हाइकाले उभं ठेवलं तं मालक मलेच बोलते."

मी पुन्हा बसले.